साडेचार बोटं

होळीच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत
धर्मावरून भांडण लागलं.
म्हणजे खरं तर शेणींवरून.
सर्जेराव इंगवल्यांचं म्हणणं,
होळी तालमीच्या माडीला टेकलीच पाहिजे,
वाडवडलांपासनं टेकत आलीय.
आम्ही चौघं म्हणत होतो,
पाच शेणी पेटवू, नारळ घालू, पोळी टाकू, बोंब मारू,
उरलेल्या पंचगंगेच्या मसणवट्यात देऊ.
"देवाच्या ताटातलं काढून मढ्याला घालताय व्हय रं!"
मळलेली तंबाखू त्यांनी तशीच खाली टाकली.

कुणी पोथी काढली, कुणी पेपरातलं कात्रण.
मी पुण्य हा शब्द वापरला
आणि जीभ चावली.
मंडईत भाव विचारल्यागत वाटलं ते.

तेवढ्यात तानूबाई आल्या, वडणग्याच्या.
शेणी त्यांच्या. पैसे कुणीच दिले नव्हते.
"आधी माझं पैसं टाका,
मग जाळा न्हाईतर पुरा."
हसाहशीत पैसे गोळा झाले.
सर्जेरावांनीही वीसची नोट दिली,
दुसरीकडं बघत.
नोटा कनवटीला लावल्यावर
बाईंनी वरच्या चार शेणी उचलून बाजूला ठेवल्या.
"ह्या तिकडंच द्या. ह्यांचं मी घेतलं न्हाई."
का, ते सांगितलं नाही.
शेवटची वडाप चुकेल म्हणून घाईनं गेल्या.

टेम्पो गजबर मुल्लाणीचा.
भाडं विचारलं तर आरशात बघत म्हणाला,
"कुणाकडनं घिऊ? गेला त्याच्याकडनं?"
पुढं गंगावेशीच्या वळणावर गाडी थांबवून
स्वतःच मागं चढला.
"आमच्यात मातीतच ठेवत्यात.
पर शेणी दवानं वलसर झाल्या की लई धूर हुतो,
घरच्यांच्या डोळ्यात जातो.
ताडपत्री नीट वढ, खुळ्या."

मसणवट्यातल्या कारकुनानं वही उघडली.
तालमीचं नाव लिहिलं. शेणी सहाशे चाळीस.
"कुणाच्या स्मरणार्थ?"
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
त्यानं एक आडवी रेघ मारली
आणि वही मिटली.

आम्ही निघणारच होतो.
पालिकेची गाडी आली.
स्टँडामागं सापडलेला माणूस,
नाव अनोळखी, वय अंदाजे साठ,
पायात एकच चप्पल, तीही बायकी.
सोबत कुणी नाही.
गाडीवाला म्हणाला, "एक हात लावा की."

तो हलका होता.
एवढा हलका, की मला
कुणाला तरी शिव्या द्याव्याशा वाटल्या,
पण नेमकं कुणाला ते सुचेना.

शेणी रचताना दिव्याच्या उजेडात दिसलं,
प्रत्येकीवर एक हात उमटलेला.
थापताना दाबलेली बोटं, वाळून पक्की झालेली.
चार पुरी. करंगळी अर्धी.
कडबाकुट्टीत गेलेली,
हे वडणग्याला कुणालाही माहीत आहे.
त्याच्या छातीवर तो हात.
गुडघ्यांवर.
दोन्ही खांद्यांवर, पाठीखाली,
जिथं जिथं शेण तिथं तिथं तो हात,
आणि शेवटी कपाळाशी मीच ठेवलेली एक
त्या चारांतली होती की विकतची,
कळायला मार्ग नव्हता.

मंत्र कुणाला येत नव्हते.
गजबर टोपी नीट करून
जरा लांब उभा राहिला.
तिकडं शहरभर बोंबा चालल्या होत्या.
इथं जाळ धरला.
धूर झाला नाही.

मी देव मानतो की नाही
हे अजून मला धड सांगता येत नाही.
पुढच्या होळीला गल्लीत पुन्हा तेच भांडण झालं,
सर्जेराव पुन्हा तंबाखू टाकून उठून गेले.
तानूबाई टोपली उतरवत होत्या
आणि मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो.
सांगावंसं वाटलं.
सांगायचं काय, ते जुळेना.
"काय बघतोयास?" त्या म्हणाल्या,
पदराखाली हात घेत.
"गेल्या सालचं काय द्यायचं ऱ्हायलंय का?"